मनाची मोजदाद आणि माणसांची वर्गवारी

मानसशास्त्रज्ञांच्या प्रश्नावलीचा कागद हातीं घेतला, तर पहिल्या प्रश्नाच्याहि आधीं त्याच्या माथ्यावर चारपांच रकाने बहुधा आढळतात: नांव, वय, लिंग, शिक्षण, मातृभाषा, वडिलांचा धंदा, आणि कित्येकदां जात व धर्म. हे रकाने भरतांना कोणी फारसा विचार करीत नाहीं. खरी परीक्षा पुढेंच आहे, हा भाग केवळ ओळखीपुरता, अशी सर्वांचीच समजूत असते. परंतु गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास पाहतां असें दिसतें कीं, मनाविषयीं काढलेले अनेक मोठे निष्कर्ष प्रश्नांच्या उत्तरांपेक्षां या माथ्यावरच्या रकान्यांवरच उभे राहिले होते. हे रकाने कोणी आखले, कशासाठीं आखले आणि त्यांतून कोणाचें काय झालें, ही हकीकत जाणून घेण्यासारखी आहे. तिचे बरेच धागे पुणें शहरांत येऊन मिळतात.

हिंदुस्थानांत ही वर्गवारी प्रथम मानसशास्त्रानें केली नाहीं; ती खानेसुमारीनें केली. १८७२ सालीं ब्रिटिश सरकारनें पहिली शिरगणती केली आणि १८८१ पासून ती सर्व देशभर एकाच वेळीं, दर दहा वर्षांनीं होऊं लागली. त्यापूर्वीं एखाद्या माणसास ‘तूं कोण?’ असें विचारलें असतां तो प्रसंग पाहून उत्तर देई. परगांवीं गेला तर गांवाचें नांव सांगे, लग्नकार्यांत कुळाचें, बाजारांत धंद्याचें, आणि वतनाच्या तंट्यांत हक्काचें नांव सांगे. खानेसुमारीच्या कागदावर मात्र एका माणसास एकच चौकट मिळाली, आणि ती एका शब्दानें भरणें भाग झालें. १९०१ च्या खानेसुमारीचे मुख्य अधिकारी हर्बर्ट रिस्ले यांनीं याच्याहि पुढचें पाऊल टाकलें. जातींची नुसती यादी न करतां त्यांचा उच्चनीच क्रम लावण्याचा त्यांनीं उपक्रम केला. त्याबरोबर आपल्या जातीस वरचें स्थान मिळावें म्हणून देशाच्या कानाकोपऱ्यांतून जातिसभांचे अर्ज सरकारदरबारीं येऊं लागले. जी चौकट केवळ नोंदीसाठीं आखली होती, तीच भांडणाचें मूळ झाली.

रिस्ले यांचा विश्वास मोजपट्टीवर होता. नाकाच्या रुंदीस उंचीनें भागून शंभरानें गुणिलें म्हणजे जो आंकडा येतो, त्यास नासिकांक म्हणतात. जातीची सामाजिक प्रतिष्ठा तिच्या लोकांच्या नाकाच्या रुंदीच्या व्यस्त प्रमाणांत असते, असा सिद्धांत त्यांनीं मांडला. हा सिद्धांत तपासून पाहण्याचें काम मुंबई विद्यापीठांतील समाजशास्त्राचे प्राध्यापक डॉ. गो. स. घुर्ये यांनीं केलें. १९३२ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथांत त्यांनीं रिस्ले यांचेच आंकडे प्रांतवार मांडले, आणि गंगेच्या खोऱ्याचा कांहीं भाग सोडला तर इतरत्र जातीचा क्रम व नाकाचें माप यांचा असा मेळ बसत नाहीं हें दाखवून दिलें. एका प्रांतांतील ब्राह्मण हे दूरच्या प्रांतांतील ब्राह्मणांपेक्षां आपल्याच प्रांतांतील इतर जातींस शरीरानें अधिक जवळचे असूं शकतात. रकाना एकच असला, तरी त्यांतील माणसें एकसारखीं असतीलच असें नाहीं, हा धडा त्यांतून निघाला.

शरीरावरून मनावर उडी मारण्यास मात्र फार वेळ लागला नाहीं. किंबहुना सरकारच्या लष्करी खात्यानें ती मोजमापावांचूनच मारलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘लढवय्या जाती’ व ‘बिनलढवय्या जाती’ असा भेद सैन्यभरतींत रूढ झाला. लॉर्ड रॉबर्ट्स हे १८८५ ते १८९३ पर्यंत हिंदुस्थानचे सरसेनापति होते. त्यांच्या काळांत या मताला विशेष जोर चढला. धैर्य, शिस्त, स्वामिनिष्ठा हे मनाचे गुण आहेत. पण ते जन्मानें ठराविक जातींच्याच वांट्याला येतात असें येथें गृहीत धरलें होतें. आज ज्यास आपण मानसशास्त्रीय निष्कर्ष म्हणूं, तो येथें एकाहि प्रयोगावांचून सरकारी धोरण होऊन बसला.

त्याचा फटका कोणाला बसला, हें पाहण्यास पुण्याहून लांब जाण्याचें कारण नाहीं. भीमेच्या कांठीं कोरेगांव येथें १८१८ च्या जानेवारींत झालेल्या लढाईचा स्मारकस्तंभ उभा आहे. कंपनी सरकारच्या पलटणींतील पतन पावलेल्या शिपायांचीं नांवें त्यावर कोरलेलीं आहेत, आणि त्यांपैकीं कित्येक नांवांच्या शेवटीं महार शिपायांच्या नांवांस लागणारा ‘नाक’ हा प्रत्यय आहे. मुंबई इलाख्याच्या सैन्यांत महारांनीं पिढ्यान्‌पिढ्या नोकरी केली होती. तरीहि १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद झाली. एकीकडे सरकारचा एक अधिकारी माणसांचीं नाकें मोजून त्यांची योग्यता ठरवीत होता, आणि दुसरीकडे सरकारनेंच दगडावर कोरून ठेविलेले ‘नाक’ त्याच सरकारला वाचतां येईनासे झाले होते.

भरती बंद झाली म्हणजे केवळ पगार बंद झाला असें नव्हे. पलटणींत शिपायांच्या मुलांसाठीं शाळा असत, आणि गांवच्या शाळेची पायरी ज्यांना चढतां येत नव्हती, त्यांच्यासाठीं अक्षरओळखीचा तो एक खुला दरवाजा होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे अशाच लष्करी शाळेंत शिक्षक होते. ‘अमुक जात लढवय्यी नव्हे’ असा एक शेरा पडला, आणि एका समाजाचा पगार, पेन्शन व पाटी या तिन्ही गोष्टी एकदम गेल्या. याविरुद्ध पुण्यांतील शिवराम जानबा कांबळे यांनीं चळवळ उभारली. १९१० सालीं त्यांच्या पुढाकारानें थेट विलायतेंतील भारतमंत्र्यांकडे अर्ज करण्यांत आला. पुढें महायुद्धाची गरज उत्पन्न झाली, तेव्हां १९१७ सालीं महारांची एक पलटण उभी राहिली; युद्ध संपतांच १९२१ सालीं ती मोडण्यांत आली. दुसऱ्या महायुद्धांत १९४१ च्या ऑक्टोबरांत बेळगांव येथें महार रेजिमेंटची स्थापना झाली. गरज पडली कीं गुण दिसत, गरज सरली कीं ते दिसेनासे होत. मनाचे गुण खरोखरच जन्मजात असते, तर ते युद्धखात्याच्या अंदाजपत्रकाबरोबर असे चढले-उतरले नसते.

याच सुमारास युरोपांत हा वाद नव्या शास्त्रीय वेषांत चालला होता. बर्लिन येथें १९२७ सालीं मानववंश, आनुवंशिकता व सुप्रजनन यांच्या अभ्यासासाठीं एक मोठी संस्था निघाली. तिचे संचालक ऑयगेन फिशर हे त्या काळचे मान्यवर शास्त्रज्ञ होते. १९२८ सालीं त्यांच्याकडे संशोधनासाठीं एक तरुण मराठी विदुषी गेली. तिचें नांव इरावती कर्वे. ब्रह्मदेशांत जन्मलेल्या इरावतीबाईंनीं पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांत तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, मुंबईस घुर्ये यांच्या हाताखालीं समाजशास्त्राचें शिक्षण घेतलें होतें, आणि महर्षि धोंडो केशव कर्वे यांच्या त्या सूनबाई होत्या. फिशर यांनीं त्यांना जो विषय दिला तो असा: मनुष्याच्या कवटीच्या डाव्या-उजव्या बाजू सारख्या नसतात, तर ही विषमता निरनिराळ्या मानववंशांत निरनिराळी असते काय? या साध्या दिसणाऱ्या प्रश्नामागें एक मोठें गृहीतक दडलेलें होतें. गोऱ्या युरोपियनांची तर्कशक्ति अधिक, आणि तिची खूण त्यांच्या कवटीच्या ठेवणींत सांपडेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती.

इरावतीबाईंनीं १४९ कवट्या मोजल्या. त्यांतील पुष्कळशा आफ्रिकेंतील जर्मन वसाहतींतून आणलेल्या होत्या. प्रत्येक कवटीवर ती कोणत्या वंशाची याची नोंद होती. मोजणी पुरी झाली तेव्हां निष्कर्ष निघाला तो असा कीं, विषमता सर्वच कवट्यांत आहे, परंतु तिचा वंशाशीं संबंध दिसत नाहीं. परक्या देशांत, परक्या भाषेंत, आपल्याच मार्गदर्शकाच्या अपेक्षेविरुद्ध जाणारें उत्तर एका विद्यार्थिनीनें आपल्या प्रबंधांत लिहून दिलें. हिटलरच्या हातीं सत्ता आल्यावर १९३३ सालीं फिशर हे बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले, आणि त्यांच्या वर्गवारीचा शेवट कोठें झाला हें जगास ठाऊक आहे. त्या पार्श्वभूमीवर १४९ कवट्यांच्या त्या मोजणीचें मोल अधिकच वाढतें. मोजपट्टी तीच होती. फरक एवढाच होता कीं, मापें घेणारीनें कवटीवरील चिठ्ठीवर विसंबून न राहतां मापांना जें सांगावयाचें होतें तें सांगूं दिलें.

कवट्या मागें पडल्या, परंतु वर्गवारीची हौस मागें पडली नाहीं. ती बुद्धिमापनांत शिरली. पॅरिस येथें आल्फ्रेड बिने व त्यांचे सहकारी सिमाँ यांनीं १९०५ सालीं मुलांसाठीं पहिली बुद्धिकसोटी तयार केली. तिचा हेतु अगदीं मर्यादित होता: शाळेंत मागें पडणारीं मुलें ओळखून काढावीं आणि त्यांना निराळी मदत द्यावी. ही कसोटी अमेरिकेंत गेल्यावर तिचें रूप पालटलें. १९१६ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील टर्मन यांनीं तिची सुधारून वाढविलेली आवृत्ति काढली. आणि पहिल्या महायुद्धांत सुमारें साडेसतरा लक्ष अमेरिकन शिपायांची सामुदायिक कसोटी घेण्यांत आली. शिपायाचा जन्म कोठला, वर्ण कोणता, हे रकाने तेथेंहि भरलेले होते. त्या आंकड्यांवरून कार्ल ब्रिगम यांनीं १९२३ सालीं ग्रंथ लिहून उत्तर युरोपांतील लोक बुद्धीनें श्रेष्ठ असल्याचें प्रतिपादिलें. त्यांच्याच आंकड्यांत दुसरीहि एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. परदेशांतून आलेला माणूस अमेरिकेंत जितकीं अधिक वर्षें राहिला, तितके त्याचे गुण अधिक. सरळ अर्थ असा कीं, कसोटी बऱ्याच अंशीं अमेरिकेची ओळखच मोजत होती. परंतु ब्रिगम यांनीं अर्थ लावला तो असा कीं, पूर्वीं आलेले लोकच मुळीं चांगल्या वंशाचे होते! रकान्यावर श्रद्धा बसली म्हणजे पुरावाहि रकान्याच्याच पदरांत पडतो, याचें याहून बोलकें उदाहरण मिळणें कठीण. पुढल्याच वर्षीं, १९२४ सालीं, अमेरिकेनें परदेशांतून येणाऱ्या लोकांवर कडक निर्बंध घालणारा कायदा केला.

ब्रिगम यांचा प्रामाणिकपणा असा कीं, १९३० सालीं त्यांनीं स्वतःच आपलें प्रतिपादन निराधार होतें असें जाहीर केलें. पुढें ऑटो क्लाइनबर्ग यांनीं १९३५ सालीं दाखवून दिलें कीं, दक्षिणेंतून न्यू यॉर्कसारख्या शहरांत आलेल्या निग्रो मुलांचे गुण त्यांच्या तेथील वास्तव्याच्या वर्षांबरोबर वाढत जातात. सैन्याच्या कसोटींतहि ओहायो, इलिनॉय अशा उत्तरेकडील राज्यांतील काळ्या शिपायांचे सरासरी गुण मिसिसिपी, आर्कन्सास या दक्षिणेकडील राज्यांतील गोऱ्या शिपायांहून अधिक होते. वर्णाच्या रकान्यांत जें दिसत होतें, तें वस्तुतः शाळेच्या रकान्यांतलें होतें. पण कायदा होऊन गेला होता. शास्त्रज्ञाला आपली चूक सात वर्षांत दुरुस्त करतां आली. बंदरावरून परत गेलेल्या जहाजांना ती सोय नव्हती.

हिंदुस्थानांतील पहिल्या बुद्धिमापकांनींहि हीच वाट धरली होती. दक्षिण हिंदुस्थानांतील ब्राह्मण व पंचम मुलांची, लांकडी फळीवरील खांचांत ठोकळे बसविण्याच्या कसोटीनें तुलना करणारा हेरिक यांचा लेख १९२१ सालींच एका अमेरिकन नियतकालिकांत आला होता. लाहोरचे मिशनरी प्राध्यापक हर्बर्ट राइस यांनीं बिने यांच्या कसोटीचें हिंदुस्थानी रूप तयार केलें आणि तें १९२९ सालीं ग्रंथरूपानें प्रसिद्ध झालें. मराठी मुलांच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें काम मात्र धारवाडास झालें. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनीं बिने यांची कसोटी मराठी व कानडी भाषांत आणून त्या दोन्ही भाषा बोलणाऱ्या हजारांवर मुलांवर ती अजमावून पाहिली. त्यांचा पहिला लेख १९३४ सालीं व ग्रंथ १९४० सालीं प्रसिद्ध झाला. येथें मुलांची मुख्य वर्गवारी मातृभाषेची होती, आणि तिच्यामागें कारण होतें. जो प्रश्न मुलाला समजलाच नाहीं, त्याच्या उत्तरावरून त्याची बुद्धि कशी कळणार? लंडन किंवा कॅलिफोर्नियांतील मुलांच्या सरासरीशीं धारवाडच्या मुलाची तुलना करण्याऐवजीं ती त्याच्याच भाषेंतील, त्याच्याच वयाच्या मुलांशीं करावी, हा या वर्गवारीचा हेतु होता. एका रकान्यानें मुलाला दूर लोटलें होतें. दुसऱ्या रकान्यानें त्याला त्याचें योग्य माप मिळवून दिलें.

तथापि उपयोगी चौकटीलाहि वय असतें. बिने-कामत कसोटी पुढें अनेक दशकें देशभर वापरली गेली. मंदबुद्धित्वाच्या दाखल्यासाठींहि तिचा आधार घेण्यांत येई. पण ज्यांच्यावरून तिची सरासरी ठरली, तीं मुलें १९३० नंतरच्या दशकांतील धारवाडचीं होतीं. न्यूझीलंडमधील जेम्स फ्लिन यांनीं १९८४ व १९८७ सालीं निरनिराळ्या देशांतील आंकडे मांडून दाखविलें कीं, पिढी पालटली म्हणजे कसोटींतील सरासरी गुणहि पालटतात; बहुतेक ठिकाणीं ते वाढत जातात. अर्थात्‌ एका पिढीचें माप दुसरीस लावलें तर मुलाचा दाखला चुकतो, आणि दाखला चुकला म्हणजे त्याची शाळा आणि सवलत दोन्ही चुकतात.

स्वातंत्र्यानंतर या कामाला नवी दिशा मिळाली. पुणें विद्यापीठ १९४९ सालीं स्थापन झालें आणि लौकरच तेथें मानसशास्त्राचें अध्यापन व प्रयोगशाळा सुरू झाली. उत्तर प्रदेशांत चंद्रमोहन भाटिया यांनीं शब्दांऐवजीं ठोकळे, आकृति व चित्रें यांवर आधारलेल्या कसोट्या रचल्या. त्यांचा ग्रंथ १९५५ सालीं निघाला. त्यांनीं साक्षर व निरक्षर मुलांसाठीं गुणांचीं दोन निरनिराळीं कोष्टकें केलीं. शाळेंत न गेलेला मुलगा मंद आहे असें न म्हणतां, त्याची तुलना शाळेंत न गेलेल्या मुलांशींच करावी, असा त्याचा अर्थ. वर्गवारी येथेंहि आहेच, परंतु ती मुलाच्या रक्तावर बोट न ठेवतां त्याच्या परिस्थितीवर ठेवते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंत प्रा. धनंजयराव गाडगीळ यांनीं केलेली पुणें शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी याच वृत्तीची होती. तिचा पहिला भाग १९४५ सालीं व दुसरा १९५२ सालीं प्रसिद्ध झाला. कुटुंबाचा धंदा, प्राप्ति, घर, शिक्षण हे रकाने तेथें माणसाची जडणघडण समजून घेण्यासाठीं होते, त्याची लायकी ठरविण्यासाठीं नव्हते.

इरावतीबाई १९३९ पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत होत्या, आणि १९७० सालीं निधन होईपर्यंत त्यांनीं महाराष्ट्र पायीं तुडवून माणसें मोजलीं. मोजमाप त्यांनीं सोडलें नाहीं. मात्र ‘जात’ या शब्दाविषयींच त्या प्रश्न विचारूं लागल्या. १९६१ च्या आपल्या ग्रंथांत त्यांनीं दाखविलें कीं, ज्यास आपण एक जात समजतों, ती पुष्कळदां एकाच धंद्यामुळें एका नांवाखालीं आलेली अनेक जातींची गर्दी असते. महाराष्ट्रांतील कुंभारांत थोरचाके आहेत, लहानचाके आहेत. चाक निराळें, काम करण्याची पद्धत निराळी, आणि बेटीव्यवहारहि एकमेकांत नाहीं. खानेसुमारीच्या कागदावर मात्र सगळे ‘कुंभार’. पुढें कैलाशचंद्र मल्होत्रा यांच्यासह त्यांनीं महाराष्ट्रांतील आठ ब्राह्मण पोटजातींचीं शारीरिक मापें ताडून पाहिलीं, आणि एकाच दर्जाच्या मानल्या जाणाऱ्या या समूहांतहि शरीरदृष्ट्या ठळक भेद असल्याचें १९६८ सालीं प्रसिद्ध केलें. ‘ब्राह्मण’ या एका रकान्याखालीं झालेलें कोणतेंहि अनुमान या आठांपैकीं नेमकें कोणाविषयीं आहे, असा प्रश्न त्यानंतर टाळतां येण्याजोगा राहिला नाहीं.

आतांपर्यंतच्या हकीकतीवरून असें वाटेल कीं, दोष आहे तो उत्तरांचा अर्थ लावणारांचा. रकाना बिचारा निरुपद्रवी आहे. अलीकडच्या एका प्रयोगानें ही समजूतहि डळमळीत केली. कार्ला हॉफ व प्रियांका पांडे यांनीं उत्तर प्रदेशांतील खेड्यांत सहावी-सातवींतील मुलांवर हा प्रयोग केला. १९०६ नव्हे, २००६ सालीं तो प्रसिद्ध झाला, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. उच्च मानलेल्या जातींचीं ३२१ व खालच्या मानलेल्या जातींचीं ३२१ मुलें त्यांत होतीं. कागदावर छापलेल्या चक्रव्यूहांतून वाट काढावयाची, आणि सुटलेल्या प्रत्येक चक्रव्यूहाबद्दल पैसे मिळवावयाचे, असें काम होतें. जेथें जातीचा उच्चार झाला नाहीं, तेथें दोन्ही गटांचें काम सारखेंच उतरलें. जेथें मुलांसमोर प्रत्येकाचें, त्याच्या बापाचें, आजोबाचें व गांवाचें नांव घेऊन जातहि पुकारण्यांत आली, तेथें खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांचें काम लक्षांत येण्याइतकें घसरलें. मुलें तींच, कोडें तेंच. मध्यें आला तो फक्त एक उच्चार.

अमेरिकेंत स्टील व ॲरन्सन यांनीं १९९५ सालीं याच जातीचा परिणाम काळ्या विद्यार्थ्यांत दाखविला होता. परीक्षेपूर्वीं वर्णाचा रकाना भरून घेणेंहि त्यांच्या एका प्रयोगांत पुरेसें ठरलें. पुढें अशा प्रयोगांची पुनरावृत्ति झाली तेव्हां हा परिणाम सर्वत्र सारखा आढळला नाहीं, हेंहि नमूद केलें पाहिजे. तरी एवढी गोष्ट मान्य करावी लागते कीं, तापमापक यंत्र रोग्याच्या अंगाला लावल्यानें ताप चढत नाहीं, परंतु जातीचा रकाना हा कांहीं प्रसंगीं लावतांक्षणींच ताप चढविणारें यंत्र ठरूं शकतो.

मग हे रकाने पुसूनच टाकावे काय? येथें पुण्याच्याच एका थोर पुरुषाची आठवण होणें अपरिहार्य आहे. १८८२ च्या ऑक्टोबरांत महात्मा जोतीराव फुले यांनीं हंटर शिक्षण आयोगापुढें आपलें निवेदन सादर केलें. ज्या शेतकऱ्याच्या घामांतून सरकारचा वसूल निघतो, त्याच्या मुलाला शाळा मिळत नाहीं, आणि तो पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्ची पडतो, ही तक्रार त्यांनीं मांडली व प्राथमिक शिक्षण सक्तीचें करण्याची मागणी केली. शाळेंत कोण आहे व कोण नाहीं, हें जातिवर्गांच्या भाषेंत सांगितल्यावांचून ही तक्रार मांडतांच आली नसती. रिस्ले यांनींहि जात विचारली आणि फुल्यांनींहि विचारली. एकाच्या प्रश्नाचा रोख होता, ‘हा माणूस मुळांत कसा आहे?’ दुसऱ्याच्या प्रश्नाचा रोख होता, ‘या माणसाला मिळालें काय?’ पहिल्या प्रश्नानें पलटणींचे दरवाजे बंद झाले. दुसऱ्यानें शाळांचे दरवाजे ठोठावले. रकाना पुसला तर अन्याय पुसला जात नाहीं. केवळ त्याची नोंद पुसली जाते. १९३१ नंतर सर्व जातींचे आंकडे खानेसुमारींत प्रसिद्ध झाले नाहींत, आणि २०२५ सालीं पुन्हां जातगणना करण्याचा निर्णय भारत सरकारनें जाहीर केला. त्यावरील वादांत दोन्ही बाजूंचें म्हणणें या दोन प्रश्नांच्या आधारें पारखून घेतां येईल.

मानसशास्त्रापुढें आज याच्या उलट बाजूचाहि एक प्रश्न उभा आहे. आर्नेट यांनीं २००८ सालीं दाखविलें कीं, प्रमुख अमेरिकन मानसशास्त्रीय नियतकालिकांतील संशोधनांत ज्यांच्यावर प्रयोग झाले, त्यांपैकीं शेंकडा ९६ लोक पाश्चात्त्य औद्योगिक देशांतील होते. आणि त्या देशांची लोकसंख्या जगाच्या शेंकडा १२ च्या आसपास आहे. तेथें कित्येकदां कोणताच रकाना नसतो. महाविद्यालयांतील विद्यार्थी हाच ‘मनुष्य’ समजून निष्कर्ष काढला जातो. आपल्याकडेहि शहरांतील महाविद्यालयांतल्या शंभर मुलांवरून ‘भारतीय मन’ असा मथळा देण्याचा मोह होतोच. कोथरूडांतील इंग्रजी माध्यमाचा विद्यार्थी, भोरच्या डोंगरांतील धनगराचा मुलगा आणि ऊसतोडीच्या टोळीबरोबर दरसाल स्थलांतर करणारी मुलगी, या तिघांचें मन एकाच नमुन्यांतून वाचतां येणार नाहीं. जादा रकान्यानें जसा अन्याय होतो, तसा तो नसलेल्या रकान्यानेंहि होतो.

तेव्हां उपाय आहे तो विवेकाचा. रकाना विचारण्यापूर्वीं संशोधकानें त्याचें कारण सांगावें. जात किंवा धर्म लिहून घेऊन त्यांच्या आड शाळा, भाषा, आहार, प्राप्ति यांचा शोध चुकवूं नये. दोन समूहांच्या सरासरींतील अंतर छापतांना प्रत्येक समूहाच्या पोटांत किती अंतर आहे तेंहि शेजारींच छापावें. कारण बहुधा तें पहिल्याहून मोठें असतें. आपलें वर्णन कोणत्या शब्दांत व्हावें, हें ज्याचें त्याला सांगूं द्यावें. आणि शेवटची सूचना अगदीं लहान आहे, खर्चाचीहि नाहीं. अनेक संशोधक ती आतां पाळूं लागले आहेत: हे रकाने कागदाच्या माथ्यावर न ठेवतां तळाशीं ठेवावे. मुलानें आधीं कोडें सोडवावें, चित्र काढावें, प्रश्नाचें उत्तर द्यावें. मग शेवटीं, पेन्सिल खालीं ठेवण्यापूर्वीं, तो कोणाचा कोण हें त्याला विचारावें. तोपर्यंत त्यानें आपलें उत्तर लिहून टाकलेलें असेल.